सोळा नटांचा जानेवारी

गुरुवार, २ जानेवारी २०२५. सकाळी ७.२०

रोजनिशी एक तारखेला सुरू करायची होती. काल कंपनी होती. आज साप्ताहिक सुट्टी. एका दिवसाच्या उशिराला उशीर म्हणत नाहीत.

यंदा संकल्प एकच. गाडीचे टायर घरच्या घरी, स्वतःच्या हाताने रोटेट करणे. म्हणजे पुढचे मागे, मागचे पुढे. पुढचे जास्त झिजतात, मागचे कमी. अदलाबदल केली की चारही सारखे झिजतात. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, दर दहा हजार किलोमीटरला करा. आपली गाडी आठ वर्षांत बावीस हजार सहाशे चालली. म्हणजे दोनदा राहून गेलं. डिसेंबरभर हे मनाला लागून होतं.

निमित्त योगिनीचं. तिला लायसन्स मिळालं. नोकरी तळवड्याच्या आयटी पार्कात, जाताना निगडीला बस बदलावी लागते. गाडी मागते. बाबा कंपनीच्या बसने चाकणला जातात, गाडी आठवड्यातले सहा दिवस पार्किंगमध्ये धूळ खाते, असा तिचा मुद्दा. मुद्दा चुकीचा नाही. पण पोरीच्या हातात गाडी द्यायची तर गाडी आधी परिपूर्ण हवी. म्हटलं, टायर रोटेट झाले की किल्ली तुझी. तारीख १५ जानेवारी. शब्द दिला.

माझी बायको विजयश्री म्हणाली, टायरच्या दुकानात अर्ध्या तासात करून देतात. तिला शांतपणे समजावलं की मी तेवीस वर्षं कंपनीच्या क्वालिटी विभागात वर्क इन्स्ट्रक्शन लिहितोय. लाइनवरचा माणूस कुठला बोल्ट आधी आणि कुठला नंतर बसवायचा, ते माझा कागद वाचून ठरवतो. माझ्या कागदावर हजारो गाड्या रस्त्यावर धावतायत. चार चाकं म्हणजे काय. तिने विचारलं, तुम्ही स्वतः किती बोल्ट बसवलेत. प्रश्न विषयाला सोडून होता.

येत्या गुरुवारी. आठ ते साडेनऊ.

शुक्रवार, ३ जानेवारी. संध्याकाळ

वर्क इन्स्ट्रक्शन तयार. चौतीस पायऱ्या, तीन आकृत्या. तयार करणारा: मी. तपासणारा: मी. मंजूर करणारा म्हणून विजयश्रीची सही हवी होती. ती इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लेम बघते. म्हणाली, माझ्या टेबलावर जे येतं ना, त्यातल्या निम्म्याची सुरुवात 'मी घरीच करतो' अशीच असते. सही केली नाही.

तो रकाना मोकळा ठेवलाय. चालतं.

रविवार, ५ जानेवारी. संध्याकाळी ६

योगिनी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. माझा कागद तिने मागून घेतला, चहा पीत पीत वाचला आणि अकरा चुका काढल्या. दोन मोठ्या.

एक, मी गाडी जॅकवर उचलून मग नट सैल करायला सांगितलंय. चाक हवेत असलं तर पान्याबरोबर चाकच फिरणार. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे असतात. तिला सांगितलं, ही चूक मुद्दाम ठेवली होती, कोणी लक्ष देऊन वाचतं का ते बघायला.

दोन, एकोणिसाव्या पायरीला चारही चाकं निघालेली आहेत आणि गाडी एका जॅकवर उभी आहे. यावर म्हटलं की बघतो.

ती म्हणाली, स्टेपनी आहे ना. एक चाक काढा, तिथे स्टेपनी लावा, मग निघालेलं चाक पुढच्या जागी, तिथलं त्याच्या पुढच्या जागी, असं करत या. पाच वेळा जॅक लावायचा, पण गाडी कायम चार चाकांवर. कागदाच्या कोपऱ्यात बाण काढून दाखवलं. मी हेच लिहिणार होतो.

रिव्हिजन एक काढली. आता एकोणचाळीस पायऱ्या.

गुरुवार, ९ जानेवारी. दुपारी १२

८.०० खाली उतरलो. जुना शर्ट, जुनी पँट, कागद क्लिपबोर्डवर.

८.०५ परत वर. जॅक सापडेना. माळा, गॅलरी, पलंगाखाली सगळीकडे बघितलं.

८.५० जॅक गाडीतच होता. स्टेपनीच्या शेजारी, पान्यासकट. आठ वर्षं.

८.५५ तळमजल्यावरचे मारुतराव त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले. मूळचे चाकणजवळच्या गावचे. कांद्याची शेती बघत बघत पस्तीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली. आता गुडघे गेलेत, म्हणून सकाळ-संध्याकाळ पार्किंगमध्ये बसतात आणि बघतात. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

९.०० पुढचं डावं चाक. नट चार. पहिला हलेना. दोन्ही हात लावले. पाय लावला. पान्यावर उभा राहिलो. एकदा उडी मारली.

९.४० मारुतराव म्हणाले, उद्धवराव, तुमी आवळताय. मी म्हटलं, डावी बाजू आहे, डाव्या बाजूला उलटं असतं. ते म्हणाले, न्हाई. एवढंच.

बरोबर होतं त्यांचं. म्हणजे आज सैल करण्याआधी नटांची पकड किती आहे याची चाचणी झाली. पकड उत्तम. असं कागदावर लिहून घेतलं.

९.४५ कंबर. काम स्वतःच्या निर्णयाने थांबवलं.

शनिवार, ११ जानेवारी

कंबर धरली आहे. कंपनीत प्रज्वलने, म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या इंजिनीअरने, विचारलं काय झालं सर. म्हटलं, गाडीचं काम काढलंय. चेहऱ्यावर आदर दिसला. किंवा काळजी.

योगिनीने विचारलं, पंधरा तारखेचं काय. सांगितलं, प्रोसेस अपुरी आहे, किल्ली सोडता येत नाही. ती म्हणाली, दोन तारखेलाच तुम्ही हीच गाडी मंडईत नेली होती. तिला समजावलं की तेव्हा गाडी मी चालवत होतो. त्यात फरक असतो. काय फरक, म्हणाली. अनुभवाचा.

यावर दोघींनी एकमेकींकडे बघितलं. पटलं असावं.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

मारुतरावांना तिळगूळ द्यायला गेलो. गोड बोला म्हटलं. चाकाचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. लवकर निघालो.

गुरुवार, १६ जानेवारी. दुपारी १

प्रगती आहे.

पान्याच्या दांडीवर लांब पाइप सरकवला की जोर कमी लागतो. ही युक्ती मला सकाळी सुचली. पाइप मारुतरावांनी दिला. तो कशासाठी हेही त्यांनीच सांगितलं, पण मलाही ती त्याच वेळी सुचली होती.

तीन नट सैल झाले. कर्र असा आवाज येतो. इतका समाधानाचा आवाज मी खूप वर्षांत ऐकला नव्हता. चौथ्याला पाइप निसटून नडगीवर बसला. तिन्ही परत आवळून वर आलो.

काल पंधरा तारीख होती. घरात त्यावर कोणी बोललं नाही. तारीख सगळे विसरले हे एका अर्थी बरंच. नवी तारीख: २६ जानेवारी. प्रजासत्ताक दिन, कंपनीला सुट्टी, मुहूर्तही चांगला.

सोमवार, २० जानेवारी

योगिनी रोज सव्वासातला निघते. बसला गर्दी असते म्हणते. आज येताना निगडीत पाऊण तास उभी होती. मी लहान असताना लातूरला शाळेत पाच किलोमीटर चालत जात असे, हे तिला सांगितलं. विजयश्रीने मध्येच सांगितलं की शाळा घरासमोर होती, तिने लग्नानंतर बघितली आहे. ती प्राथमिक शाळा. आणि पाच नसतील तर दोन असतील.

गुरुवार, २३ जानेवारी. संध्याकाळी ५.३०

आजचा दिवस रोजनिशीत ठळक लिहायला हवा. सोळाच्या सोळा नट सैल केले. एकट्याने. पाइपने. पावणेदोन तासांत.

खरं तर ज्या चाकाचं काम त्याचेच नट सैल करायचे, असं योगिनीने सुधारलेल्या कागदावर आहे. पण कंपनीत आम्ही एकसारखी कामं एकत्र करतो, वेळ वाचतो. हा अनुभव तिला नाही.

नंतर जॅक लावणार होतो. बघितलं तर पार्किंगला किंचित उतार. गाडी सरकू नये म्हणून चाकांना विटा लावायला हव्यात. विटा शोधायला शेजारच्या बांधकामावर गेलो. वॉचमनने विचारलं किती, म्हटलं चार. मालकाला विचारून सांगतो म्हणाला. तोपर्यंत एक वाजला. जेवलो. पाठ टेकली. चार वाजले.

उरलेलं काम रविवारी. आता अवघड भाग संपला आहे.

खाली चक्कर मारली तेव्हा मारुतरावांनी विचारलं, नट परत आवळलं का. म्हटलं, कशाला, रविवारी पुन्हा सैलच करायचेत. गाडी उभीच आहे. ते चाकांकडे बघत बसले.

आज खूप बरं वाटतंय.

शुक्रवार, २४ जानेवारी. संध्याकाळी ७.३०

काय झालं ते क्रमाने लिहितो.

मी सव्वासहाला कंपनीच्या बसने गेलो.

योगिनीला आज ऑफिसात लवकर पोचायचं होतं. बस चुकली. रिक्षा मिळेना. परत आली. विजयश्रीने कपाटातली किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, जा तू, बाबांशी मी बोलते. नट सैल आहेत हे दोघींना माहीत नव्हतं. मी काल सांगितलं होतं की काम जवळजवळ झालंय.

योगिनीने गाडी काढली. गेटपर्यंत आली.

मारुतराव खुर्चीवर होते. त्यांना उठायचं म्हणजे दोन्ही हात टेकून दोनदा प्रयत्न करावा लागतो. आज एका झटक्यात उठले, असं विजयश्रीने गॅलरीतून बघितलं. धावले म्हणाली. त्यांना धावताना आमच्या इमारतीत कोणी बघितलेलं नाही. गाडीसमोर आडवे उभे राहिले, दोन्ही हात बॉनेटवर. चाकं ढिली हायेत पोरी, उतर, म्हणाले.

पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट बोटांनी फिरत होते.

त्यांनी आणि योगिनीने मिळून सगळे आवळले. आधी एक, मग त्याच्या समोरचा, असे. मग ती ऑफिसला गेली. बसने.

मला हे सगळं घरी आल्यावर कळलं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. झाला नाही. विजयश्रीने चहा पुढे ठेवला. योगिनीने एवढंच विचारलं, बाबा, कंपनीत एखादं काम अर्धवट राहिलं तर तुम्ही काय करता. म्हटलं, लाल टॅग लावतो. होल्ड. कोणी हात लावू नये म्हणून.

ती कप उचलून आत गेली.

लाल टॅगांचं पाकीट माझ्या बॅगेत असतं. काल बॅग खुर्चीवर होती, जेवताना माझ्या शेजारी.

तिच्या ऑफिसच्या रस्त्यावर मोठे ट्रक असतात.

 

शनिवार, २५ जानेवारी. संध्याकाळी ६.४५

गाडीला टॅग लावले. स्टिअरिंगला एक, चार चाकांना चार, बॉनेटला एक. नट आता घट्ट आहेत, तरी लावले. सोसायटीतल्या कुणीतरी विचारलं, उद्धवराव, गाडी विकायला काढली का.

मारुतरावांकडे गेलो, आभार मानायला. तासभर बसलो. कांद्याबद्दल बोललो. यंदा रोपं कशी आहेत, धुकं पडलं की काय होतं, सगळं त्यांनी सांगितलं. त्यांच्या बायकोने, ठकुबाईंनी, चहा दिला, मग पोहे दिले. आभार मानायचे राहून गेले. दारापर्यंत येऊन मारुतराव म्हणाले, उद्या मी बसतो खाली, तुमी वाचा, आमी करतो. आणि म्हणाले, व्हतं माणसाकडून.

जिन्यात थोडा वेळ थांबलो. दिवा लागत नव्हता.

रविवार, २६ जानेवारी. दुपारी १.१५

टायर रोटेशन यशस्वीरीत्या पूर्ण. माझ्या नेतृत्वाखाली.

झेंडावंदन आठला झालं. साडेआठला सुरुवात. गाडी मागच्या सपाट कोपऱ्यात घेतली. ती योगिनीने घेतली, मी हात दाखवत होतो. हँडब्रेक. विटा मिळाल्या होत्या. मारुतरावांनी खुर्ची जवळ ओढली. योगिनी पाना घेऊन खाली बसली. मी क्लिपबोर्ड घेऊन उभा.

मी पायरी चार वाचली तेव्हा त्यांची सातवी चालू होती. मी मोठ्याने वाचू लागलो. मारुतराव तिला हळू आवाजात सांगत होते: जॅक हितं न्हाई, त्या खाचंखाली लाव. गाडीखाली हात घालायचा न्हाई, चाक काढलं की आडवं सरकवून ठेव गाडीखाली, जॅक सटाकला तर गाडी चाकावर बसंल. हे माझ्या एकोणचाळीस पायऱ्यांत नव्हतं. लिहून घेतलं. चाळीस.

झेंडावंदनाला आलेले सात-आठ जण जिलेबीच्या प्लेट घेऊन भोवती उभे राहिले. एकाने मला विचारलं, तुम्ही करत नाही का. म्हटलं, मी ऑडिट करतोय. त्याने मान डोलावली.

विजयश्रीही खाली आली. गर्दीत नव्हती, जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती.

पुढची दोन्ही सरळ मागे, मागची दोन्ही तिरकी पुढे, मध्ये स्टेपनी, पाच वेळा जॅक. एक तास पन्नास मिनिटं. शेवटचा नट आवळायला योगिनीने पाना माझ्या हातात दिला. बाबा, हा तुम्ही आवळा, म्हणाली. आवळला. कुठल्या बाजूला फिरवायचं ते आता मला चांगलं माहीत आहे.

मारुतरावांनी उठून तो पुन्हा तपासला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तपासला असता.

मंगळवार, २८ जानेवारी

योगिनीने किल्ली मागितली. आठवण करून दिली की चाकं काढून लावल्यावर ऐंशी-शंभर किलोमीटरने नट परत तपासावे लागतात, त्याशिवाय प्रोसेस बंद होत नाही. ती म्हणाली, म्हणजे गाडी ऐंशी किलोमीटर चालल्याशिवाय किल्ली नाही, आणि किल्लीशिवाय गाडी चालणार नाही. मुद्दा नोंदवला. शिवाय हवाही तपासायला हवी, पुढच्या-मागच्या चाकांची हवा वेगळी असते.

विजयश्रीने जेवताना विचारलं, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते. भीती कसली, म्हटलं. हवेचं प्रेशर.

गुरुवार, ३० जानेवारी. रात्री ८.१०

योगिनी आज साडेचारलाच घरी आली. बूटही काढले नाहीत. म्हणाली, चला, हवा तपासू. किल्ली घेतली, खाली जाऊन सहाही टॅग काढले आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसली. मी डाव्या बाजूला. त्या बाजूने आपली गाडी मी प्रथमच बघितली. बरीच मोठी आहे.

चिंचवडला टायरच्या दुकानात गेलो. मालक माझ्याच वयाचे, चष्मा दोरीने गळ्यात. हवा भरायला खाली बसले आणि भरलीच नाही. टायरच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. बारीक बारीक भेगा, सगळीकडून. चारही चाकांना. मग विचारलं, टायर शेवटचे नीट कोणी बघितले होते.

मी म्हटलं, मी. महिनाभर बघतोय.

त्यांनी टायरवरचे चार आकडे दाखवले. ३८१६. म्हणजे २०१६ सालचा अडतिसावा आठवडा. रबर झिजलं नसलं तरी सुकलंय म्हणाले. साहेब, पुढे लावा नाहीतर मागे लावा, चारही म्हातारे झालेत, पोरगी रोज जाणार असेल तर आजच बदला.

मी दिवसभर बॅच नंबर वाचतो. त्याचाच पगार घेतो.

चारही बदलले. त्यांच्याकडे हवेवर चालणारी गन आहे. सोळा नट उघडायला किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून बघितलं. दोन मिनिटं. मग पुन्हा बघितलं नाही.

रिव्हिजन दोन काढायचं ठरवलं होतं. काढत नाही.

येताना योगिनीने चालवली. बरी चालवते. चांगली चालवते. प्रत्येक सिग्नलला मी उजवा पाय दाबत होतो. डाव्या बाजूला ब्रेक नसतो. संत तुकाराम नगरला घर येईपर्यंत नऊ वेळा. तिने बघितलं असणार. नऊही वेळा गाडी थांबली.

पार्किंगमध्ये मारुतरावांनी नवे टायर बघून मान डोलावली. मी त्यांना म्हटलं, त्या दिवसाबद्दल आभार. तीनच शब्द, पण म्हटले. ते म्हणाले, कुठल्या दिवसाबद्दल.

वर आल्यावर योगिनीने विचारलं, बाबा, गाडीची दुसरी किल्ली कुठे आहे, ती आईकडे ठेवू. म्हटलं, शोधावी लागेल, खूप वर्षांत बघितली नाही.

शर्टाच्या खिशात होती.

जेवण झाल्यावर सापडली.